डेमोसीनवरील लेखनाची सूची आणि न पाहिलेली पुस्तके

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात 'डेमोसीन' या संगणकीय कलाप्रवाहाची ओळख करून देणारे टिपण प्रसिद्ध झाले, ते मी दोनदा वाचले. मराठी दैनिकाने या विषयाला जागा दिली याचा मला मनापासून आनंद आहे. एक तर निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे मी याच विषयावरील लेखनाची सूची करतो आहे, आणि दुसरे म्हणजे नाशिकमध्ये कोणाशी 'डेमो' हा शब्द काढला की त्याच्या डोळ्यांसमोर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेऊन दारात उभा राहिलेला विक्रेताच येतो. तरीही त्या टिपणातील तीन विधानांविषयी लिहिणे मला भाग आहे. डेमोसीन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, हे पहिले. या विषयावर जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, हे दुसरे. तिसरी गोष्ट म्हणजे टिपणाच्या शेवटी जिज्ञासूंना सुचवलेला एक जर्मन ग्रंथ, जो मला कोणत्याही ग्रंथालयाच्या तालिकेत सापडलेला नाही. पहिली दोन विधाने माहितीची आहेत आणि ती सहज दुरुस्त करता येतील. हे पत्र मुख्यतः तिसऱ्यासाठी आहे, आणि ते लांबले आहे याबद्दल आधीच क्षमा मागतो.

युनेस्कोचे आधी उरकतो. अमूर्त सांस्कृतिक वारशासंबंधीच्या 2003 च्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशाने आपापल्या वारशाची राष्ट्रीय सूची ठेवायची असते, आणि खुद्द युनेस्कोच्या याद्या त्याहून वेगळ्या असतात. फिनलंडने 2020 मध्ये, जर्मनी आणि पोलंड यांनी 2021 मध्ये आणि त्यानंतर नेदरलँड्सने डेमोसीनची नोंद केली, ती अशा आपापल्या राष्ट्रीय सूचीत. आपल्या गोदाकाठी भरणारा कुंभमेळा 2017 मध्ये युनेस्कोच्या प्रातिनिधिक यादीत गेला. डेमोसीन तिथवर पोचलेला नाही. 'जागतिक वारसा यादी' ही तर 1972 च्या करारातील, अजिंठ्यासारख्या स्थळांची, तिसरीच यादी आहे. राष्ट्रीय सूचीत येणे ही लहान गोष्ट नव्हे, पण जे झाले तेवढेच सांगितले तर त्याची किंमत राहते.

ज्यांच्या वाचनातून ते टिपण निसटले त्यांच्यासाठी विषयाची थोडी ओळख. 1980 च्या दशकात कमोडोर 64, झेडएक्स स्पेक्ट्रम, अटारी एसटी, अमिगा असे घरगुती संगणक युरोपातील शाळकरी मुलांच्या हाती आले. विकतच्या खेळांवरची नक्कलबंदी तोडून त्यांच्या प्रती वाटणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या, आणि हे काम आपण केले याची खूण म्हणून खेळ सुरू होण्याआधी त्या आपला एक छोटा प्रोग्रॅम जोडू लागल्या. त्यात सरकणारी अक्षरे असत, रंगांचे पट्टे असत, कमोडोरच्या तीन स्वरांच्या चिपवर बांधलेली धून असे, मित्रटोळ्यांना नमस्कार आणि स्पर्धकांना टोमणे असत. पुढे ही खूणच मुख्य झाली आणि खेळ गळून पडला. चित्र आणि संगीत आधी मुद्रित करून न ठेवता, प्रोग्रॅम चालू असतानाच ते संगणकाकडून घडवून घ्यायचे, आणि तेही यंत्राच्या मर्यादेला आव्हान देऊन, अशी ही कला आहे; अशा कृतीला 'डेमो' म्हणतात. फिनलंडमध्ये 1992 पासून 'असेंब्ली' नावाचा मेळा भरतो, जर्मनीतील सारब्रुकेन येथे 2011 पासून ईस्टरच्या सुट्टीत 'रिव्हिजन' भरतो. तेथे डेमो मोठ्या पडद्यावर दाखवले जातात आणि जमलेल्यांच्या मतांवर क्रमांक ठरतात. स्पर्धेत प्रोग्रॅमच्या आकारमानानुसार गट असतात, त्यांतील 64 किलोबाइट आणि 4 किलोबाइट हे विशेष नावाजलेले. 2009 साली 'ब्रेकपॉइंट' मेळ्यात 4 किलोबाइटच्या गटात पहिल्या आलेल्या 'एलिव्हेटेड' या कृतीत डोंगररांगा, बर्फ, पाणी, त्यांवरून फिरणारा प्रकाश आणि सोबतचे संगीत हे सगळे 4096 बाइटांत बसवलेले आहे. संगणकात देवनागरीच्या एकेका चिन्हाला, काना-मात्रा वेगळ्या धरून, बहुधा 3 बाइट लागतात. म्हणजे तेवढ्या जागेत माझ्या या पत्राचा पहिला परिच्छेद आणि दुसऱ्याचा काही भाग मावेल. तांदळाच्या दाण्यावर अक्षरे कोरणारे कारागीर आपण पाहिले आहेत, पण दाण्यातून डोंगर उभा करणारे हे लोक मला त्यांच्या पुढचे वाटतात.

आता दुसरे विधान. या विषयावर लेखन आहे, आणि ते बरेच आहे. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉर्ज बोर्झिस्कोव्स्की यांनी या मंडळींच्या कृतींकडे सांस्कृतिक वस्तू म्हणून पाहणारा निबंध परिषदेत मांडला, तेव्हा हा प्रवाह जेमतेम दशकभर वयाचा होता. 2005 मध्ये तमाश पोल्गार यांचा इतिहास आला, आणि तो प्रवाहाच्या आतल्याच माणसाने लिहिलेला आहे. 2011 मध्ये डॅनिएल बोट्झ यांचा डेमोच्या सौंदर्यशास्त्रावरील जर्मन ग्रंथ निघाला. 2017 मध्ये मार्क्कू रेउनानेन यांनी फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात, हा समुदाय बदलत्या तंत्रज्ञानाशी कसा जुळवून घेत गेला यावर प्रबंध सादर केला. फिनलंडच्या संशोधकांनी अशा अभ्यासपर लेखनाची यादीही पूर्वीपासून जोपासली आहे, आणि माझ्या कामाचा पाया तीच आहे. मराठी वाचकाला यांतले काही ठाऊक नसणे समजू शकते. पण आपल्याला ठाऊक नाही म्हणून ते नाहीच, असे छापील मजकुरात येऊ नये.

मी या वाटेला कसा लागलो, हे सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. माझा नातू पुण्यात डिझाइनचे शिक्षण घेतो. अभ्यासक्रमातील प्रबंधासाठी त्याने हा विषय निवडला आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आला असता "आजोबा, आतापर्यंत यावर कोणी काय लिहिलंय, ते कसं शोधायचं?" असे विचारले. तीस वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे निवृत्त घोड्याला टांग्याची घंटा. त्याचा प्रबंध कधीच सादर झाला. माझी सूची मात्र चालू राहिली आणि ग्रंथालयातून भंगारात निघालेल्या तालिकापेटीचे दोन खण आता भरले आहेत. संगणकाचा विषय आणि कागदी कार्डे, याची घरात थट्टा होते. मला ती मान्य आहे.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत 1913 मध्ये प्रदर्शित झाल्यावर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवले आणि पुढचे चित्रपट येथे केले. त्यांच्या चित्रपटांतील फारच थोडे आज पाहायला मिळते. 'राजा हरिश्चंद्र'ही संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. त्या काळाविषयी आपल्याला जे कळते त्यातला मोठा वाटा जाहिराती, वृत्तपत्रांतील मजकूर, पत्रे आणि आठवणी यांचा आहे, म्हणजे कलाकृती गेली आणि तिच्याविषयीचे लेखन उरले. डेमोसीनचे नेमके उलटे झाले आहे. तिथल्या कृती त्या समुदायानेच मोठ्या हौसेने जपल्या. जुन्या फ्लॉप्यांच्या प्रती उतरवून घेतल्या, जुन्या संगणकांची नक्कल करणारे इम्युलेटर लिहिले, आणि 1993 साली 'फ्युचर क्रू' या गटाने केलेला 'सेकंड रिअॅलिटी' आजही कोणालाही पाहता येतो, इतकेच नव्हे तर त्याच्या विसाव्या वर्षी, 2013 मध्ये, त्याचा मूळ कोडही त्या गटाने खुला केला. पण त्या कृतींवर लोकांनी त्या त्या वेळी जे लिहिले, त्याची जपणूक तितक्या आस्थेने झाली नाही. संगणक-मासिकांतील चौकटी, स्थानिक दैनिकांतील मेळ्याच्या बातम्या, महाविद्यालयीन प्रबंध आणि मुख्य म्हणजे डिस्कमॅग, हे सगळे विखुरलेले राहिले.

डिस्कमॅग हा प्रकार मला स्वतःला सर्वांत जास्त रमवणारा आहे. हे नियतकालिक कागदावर निघतच नसे. फ्लॉपी संगणकात घातली की संगीत सुरू होई, मुखपृष्ठ पडद्यावर येई, आणि अनुक्रमणिकेतून मुलाखती, मेळ्याचे वृत्तांत, वादविवाद, लोकप्रियतेचे तक्ते वाचता येत. 1996 मध्ये सुरू झालेले 'हुगी' आधी जर्मनमध्ये आणि पुढे इंग्रजीत निघाले. अशी अनेक नियतकालिके अमिगावर, कमोडोरवर, पीसीवर निघाली आणि बंद पडली. सूचिकाराची खरी परीक्षा येथे होते. या नियतकालिकांना पृष्ठांक नसतात. काहींवर तारीख नसते, आणि असली तरी ती मजकूर पूर्ण झाल्याची, की मेळ्यात वाटल्याची, हे कळत नाही. अमिगाच्या फ्लॉपीवर 880 किलोबाइट मावत, पण तिची मांडणी वेगळी असल्यामुळे नेहमीच्या पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह ती वाचू शकत नाही. मजकूर प्रोग्रॅमच्या पोटात दाबून भरलेला असतो, त्यामुळे शोधयंत्राला तो दिसत नाही. तो वाचायचा तर इम्युलेटरमध्ये अंक चालवून, संगीत ऐकत, एकेक पान सरकवत वाचावा लागतो. मी तसे वाचतो. एका अंकाला एक दुपार जाते, आणि तरीही हे लेखन सूचीत आले नाही तर ती सूची अपुरी राहील असे मला वाटते, कारण प्राध्यापकांच्या कितीतरी आधी या मुलांनी आपल्या कलेविषयी, तिच्या नक्कलचोरीविषयी, यंत्र बदलले की कला मरते काय याविषयी, हमरीतुमरीवर येऊन लिहिले आहे.

त्या लेखनातले काय घ्यावे आणि काय सोडावे, यावरून माझा आणि नातवाचा मतभेद आजही मिटलेला नाही. डेमोतच सरकत जाणारा मजकूर, ज्यात हे लोक एकमेकांना नमस्कार पाठवतात, तोही डेमोसीनवरचे लेखनच आहे असे त्याचे म्हणणे. माझे म्हणणे असे की तो कलाकृतीचा भाग आहे. कवितेची नोंद वेगळी आणि कवितेवरील टीकेची वेगळी. लोकप्रियतेचे तक्ते आणि स्पर्धांचे निकाल मी वगळतो, मुलाखती, वृत्तांत आणि निबंध घेतो. ही रेषा थोडी मनमानी आहे हे मी जाणतो, म्हणून ती सूचीच्या प्रारंभीच स्पष्ट लिहून ठेवली आहे. सूचीत काय नाही हे वाचणाऱ्याला आधी कळले, तर तो दुसरीकडे शोधू शकतो.

दुसरा गुंता नावांचा आहे. या प्रवाहात प्रत्येक जण टोपणनावाने वावरतो आणि गटाच्या नावाखाली काम करतो. एकच टोपणनाव दोन देशांतील दोघांचे असते. एकाच माणसाने तीन गट आणि दोन नावे बदललेली असतात. मराठी ग्रंथपालाला ही अडचण नवी नाही. आपल्याच गावचे तात्यासाहेब कविता कुसुमाग्रज या नावाने लिहीत आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने, तेव्हा तालिकेत दोन्ही नावे ठेवून 'हेही पाहा' असा निर्देश करावा लागतो आणि वाचक हरवत नाही. पोल्गार यांच्या बाबतीत मी तसेच केले, कारण त्यांचे 'टॉमकॅट' हे टोपणनाव सर्वांना माहीत आहे. (हंगेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणून त्यांच्या मूळ नावाची उलटापालट करताना माझे एक कार्ड चुकले होते, तेही कबूल करतो.) पण जिथे माणसाने स्वतः आपले नाव उघड केलेले नाही, तिथे ते शोधून काढून सूचीत लिहायचे नाही, असा नियम मी केला आहे. आरंभीच्या काळात टोपणनाव हे हौस म्हणून नव्हते. खेळांच्या प्रती वाटणे बेकायदा होते आणि पोलीस दारात येऊ शकत होते. चाळीस वर्षांनी एखाद्या निवृत्त ग्रंथपालाच्या हौसेपायी कोणाचे जुने लफडे उघड होण्याचे कारण नाही.

शोधताना शब्द फसवतात. जर्मन वृत्तपत्रांत 'डेमो' शोधले की मोर्चे आणि निदर्शनेच हाती लागतात, कारण तिथे त्या शब्दाचा रूढ अर्थ तोच आहे. संगीताच्या नियतकालिकांत डेमो म्हणजे नव्या वादकवृंदाने नमुन्यादाखल पाठवलेली ध्वनिफीत. शिवाय 'डेमोसीन' हा आजचा जोडशब्द आरंभीच्या लेखनात नसतोच. तिथे 'हॅकर' असते, 'क्रॅकर' असते, किंवा नुसतेच 'संगणकवेडी मुले'. म्हणून शीर्षकांतील शब्दांवर विसंबून केलेली सूची 1995 च्या अलीकडचे भरपूर आणि पलीकडचे जवळजवळ काहीच देणार नाही, आणि वाचणारा समजेल की त्याआधी कोणी लिहिलेच नव्हते. लेखन फिनिश, जर्मन, हंगेरियन, पोलिश, स्वीडिश, फ्रेंच अशा भाषांत आहे. मूळ शीर्षक जसेच्या तसे त्या लिपीत ठेवून खाली दोन-तीन ओळींचा मराठी परिचय द्यायचा, अशी माझी पद्धत आहे. शीर्षकांचा मराठी अनुवाद देण्याचा मोह मी टाळला; अनुवादित शीर्षक घेऊन कोणी ग्रंथपालाकडे गेला तर त्याला ते पुस्तक मिळणार नाही.

वर्गांकाचा प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण तो माझ्या व्यवसायाचा आहे आणि इतरांना कंटाळवाणा वाटेल. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात संगणकीय आरेखन 006.6 मध्ये, डिजिटल कला 776 मध्ये आणि उपसंस्कृती 306.1 मध्ये. म्हणजे या विषयावरील तीन पुस्तके एकाच ग्रंथालयात तीन मजल्यांवर असू शकतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचे काम सूचीच करू शकते.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो. टिपणात सुचवलेला तो जर्मन ग्रंथ मी जर्मनीच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तालिकेत शोधला, जगभरातील ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत शोधला, ज्या लेखकाचे नाव दिले आहे त्याच्या इतर लेखनाच्या यादीत शोधला. लेखक खरा आहे, डिजिटल संस्कृतीवर लिहिणारा आहे. पुस्तक मात्र नाही. टिपणकारांनी हेतुपुरस्सर काही केले असे मी मुळीच म्हणत नाही. हा अनुभव माझ्याही घरात येऊन गेला आहे. नातवाने प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने एका संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून डेमोसीनवरील वीस संदर्भ मागवून घेतले आणि मला तपासायला दिले. यादी पाहताक्षणी मी खूश झालो, कारण त्यात माझ्याकडे नसलेले बरेच होते. तपासू लागलो तसा निम्म्याहून अधिक नोंदींचा पायाच सापडेना. नियतकालिक खरे, पण दिलेला खंड क्रमांक दिलेल्या सालाशी जुळत नव्हता. पृष्ठे खरी, पण त्या पृष्ठांवर भलताच लेख. दोन खऱ्या लेखकांची अशी जोडी, ज्यांनी एकत्र कधी लिहिलेले नाही. शीर्षके मात्र इतकी समर्पक, की असा लेख कोणी तरी लिहायलाच हवा होता असे वाटावे. या नोंदींचा धोका त्यांच्या या समर्पकपणातच आहे. खऱ्या लेखांची शीर्षके इतकी सोयीची नसतात.

पुस्तकांच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे, ती वाचकांनाही उपयोगी पडेल. पुस्तकाच्या 13 आकडी आयएसबीएनमधील (प्रत्येक पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकातील) आकड्यांना डावीकडून आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली, तर तिला 10 ने नि:शेष भाग गेला पाहिजे. शेवटचा आकडा त्यासाठीच ठेवलेला असतो. त्या यादीतील काही क्रमांक येथेच बाद झाले. मात्र कसोटीला उतरला म्हणून पुस्तक आहे असे होत नाही, कारण अंदाजाने लिहिलेला क्रमांकही दहांत एकदा बरोबर येतो, आणि कधी कधी तो खराच असून दुसऱ्याच पुस्तकाचा असतो. तसा एक मिळाला, तो पाककृतींचा निघाला.

नसलेल्या पुस्तकाची नोंद हा प्रकार सूचिशास्त्राला नवा नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर 'आगामी' किंवा 'छापत आहे' असे म्हणून जाहीर झालेली किती पुस्तके प्रत्यक्षात निघालीच नाहीत, आणि तरी कोणाच्या ना कोणाच्या यादीत ती जाऊन बसली. पण त्या भुताला निदान जाहिरातीचे थडगे होते. चूक कुठून आली हे दाखवता येत असे. आताच्या नोंदीला मूळच नसते. ती एका प्रबंधाच्या शेवटी जाते, तेथून दुसरा विद्यार्थी उचलतो, मग वर्तमानपत्रात येते, आणि पुढच्या वेळी विचारणाऱ्याला ती तीन ठिकाणी आढळते म्हणून पक्की वाटते. आपले दैनिक छापील आहे, त्याचे अंक बांधून ठेवले जातात, म्हणून त्यात आलेल्या नोंदीला इतर कुठल्याही उल्लेखापेक्षा जास्त आयुष्य आहे. डेमोसीनसारख्या विषयात, जिथे अर्धे खरे लेखन फ्लॉप्यांत अडकलेले आहे आणि सहज तपासता येत नाही, तिथे खोटी नोंद खऱ्यांच्या गर्दीत बेमालूम मिसळते. ज्या डिस्कमॅगचा अंक मी अजून मिळवू शकलेलो नाही तो, आणि जो अंक कधी निघालाच नाही तो, हे दोन्ही माझ्या टेबलावरून सारखेच दिसतात.

म्हणून माझा नियम असा. लेखन प्रत्यक्ष पाहिले असेल, मग ते कागदावर असो, चित्रप्रतीत असो वा इम्युलेटरमध्ये, तरच कार्ड शाईने लिहायचे. दुसऱ्याच्या उल्लेखावरून घेतले असेल तर पेन्सिलीने, आणि तो उल्लेख कोणाचा, कुठल्या पानावरचा, हे त्याच कार्डावर नोंदवायचे. शं. ग. दाते यांनी 1800 पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली, आणि त्यांच्या नावाच्या सूचिमंडळाने मराठी नियतकालिकांची. ग्रंथालयात काम करताना या सूचींवर माझे दिवसातून दोनदा तरी बोट फिरे. त्या हातात घेतल्या की मला नेहमी वाटत आले आहे की सूची म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेली पायपीट आहे. पायपीट न करता तिचे फळ मागितले, की यंत्र आपल्याला हवे ते शीर्षक बनवून देते.

पत्र पाठवण्यामागे एक विनंतीही आहे. युरोपातील मुलांच्या हाती जे संगणक होते त्यांतील काही आपल्याकडेही आले होते. झेडएक्स स्पेक्ट्रमची परवाना घेऊन बनवलेली भारतीय आवृत्ती 1980 च्या दशकात विकली जात होती, आणि 1984-85 पासून केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो देण्यात आले होते. त्या काळी मराठी विज्ञान-नियतकालिके, दैनिकांच्या रविवार पुरवण्या, दिवाळी अंक यांनी संगणकावर पुष्कळ लिहिले. त्यात संगणकावरील चित्रे, संगणकावरचे संगीत, घरी प्रोग्रॅम लिहिणारी मुले, परदेशातील संगणकमेळे यांविषयी काही आले असेल तर त्याची जागा माझ्या सूचीत आहे, मग त्यात 'डेमो' हा शब्द असो वा नसो. 1840 साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी 1985 ते 2000 या काळातील जे अंक हाती लागले ते चाळतो आहे. परंतु त्या काळातील संगणकविषयक छोटी मासिके, क्लासवाल्यांची माहितीपत्रके, महाविद्यालयांचे वार्षिकांक हे ग्रंथालयांनी क्वचितच जपले; ते घरांच्या माळ्यांवरच असतील. कोणाजवळ असल्यास त्यांनी रद्दीत देण्यापूर्वी मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संबंधित पान यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि अंकावरचा महिना व साल छायाचित्रात येईल एवढे पाहावे. कात्रण कापून ठेवण्यात नेमके तेच कापले जाते. फ्लॉप्या असल्यास त्या ड्राइव्हमध्ये घालून पाहण्याचा उत्साह आवरावा. आम्ही एका पावसाळ्यानंतर ग्रंथालयातील कपाट उघडले तेव्हा फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके धरले होते, आणि त्या तशाच फिरवल्यामुळे चकतीही गेली आणि ड्राइव्हचे शीर्षही खराब झाले. ही चूक माझ्याच हातची. पत्रव्यवहार आपल्या कार्यालयामार्फत झाल्यास मी आभारी राहीन.

आपणांसही एक विनंती. टिपणकारांना विचारून त्या जर्मन ग्रंथाच्या प्रकाशकाचे नाव, प्रकाशनवर्ष आणि त्यांनी तो कुठे पाहिला, एवढे कळवावे. मी चुकत असेन तर मला मनापासून आनंद होईल, कारण त्या शीर्षकाचे पुस्तक मला वाचायचे आहे. उत्तर येईपर्यंत त्याचे कार्ड मी पेन्सिलीने लिहून, आपल्या पुरवणीची तारीख आणि पान खाली नोंदवून, वेगळ्या खणात ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
नाशिक